फळीवर ठोकलेले आठ आणे

अब्बा घाबरले आहेत असं अम्मीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी हसले. अमरावतीत मी शिकवते त्या शाळेची मधली सुट्टी चालू होती आणि मी वर्गाच्या दारात कानाला फोन लावून उभी होते. अब्बा आणि घाबरणं या दोन गोष्टी मी कधी एका वाक्यात ऐकल्या नव्हत्या. अकोल्याला आमचं किराणा दुकान आहे. एकदा कसल्याशा अफवेनं दुकानांची सगळी लाईन शटर ओढून घरी पळाली, तेव्हा हा माणूस काउंटरवर बसून शेंगदाणे निवडत होता. छातीत स्टेंटची स्प्रिंग टाकायची वेळ आली तेव्हा डॉक्टरलाच म्हणाले होते, "तुमी आरामानं करा, मले काही घाई नाही."

"कशाला घाबरले?" मी विचारलं.

"आठ आण्याला," अम्मी म्हणाली.

तिच्या आवाजात थट्टा नव्हती, म्हणून माझं हसू तिथंच थांबलं. दोघांचं हजला जायचं ठरलं होतं. नागपूरहून विमान होतं आणि दिवस थोडेच उरले होते. बॅगा भरून झाल्या होत्या, सुया टोचून झाल्या होत्या, नातेवाइकांच्या दावती चालू होत्या. आणि आता अब्बा म्हणत होते, मी येत नाही. दोन घास खाऊन उठतात, दुकानात जाऊन मागच्या फळीकडं पाहत बसतात, विचारलं की छातीवर हात ठेवतात. "तू ये," अम्मी म्हणाली, "तुझं ऐकतात. तू ओरडतेस ना, म्हणून."

माझा स्वभाव जरा तिखटच आहे, ते खरं. शनिवारची अर्धी शाळा करून मी अकोल्याची बस धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत अब्बांना काय काय सुनवायचं ते मी मनात जुळवत होते. दुकानात पाय ठेवला आणि त्यातलं एकही वाक्य तोंडून निघालं नाही. त्यांचा सदरा खांद्यावरून उतरल्यासारखा लोंबत होता आणि डोळे खोल गेले होते. मला एकदम वाटलं, हा माणूस विमानात बसायच्या आधीच जाईल.

आमच्या घरात उर्दू, हिंदी आणि वऱ्हाडी अशी खिचडी चालते. इथं मी ती निवडून मराठीत लिहिते आहे.

"तू गनित शिकवते ना?" त्यांनी मला बसूही दिलं नाही. "साखर शेहेचाळीसची. पावभराचे किती?"

"साडेअकरा."

"मी किती घेतो?"

"बारा."

"तूर डाळ एकशेतीसची. पाव?"

"साडेबत्तीस. तुम्ही तेहतीस घेता. अब्बा, सगळेच घेतात. आठ आणे कोण देतं-घेतं हल्ली? मी पोरांना हेच शिकवते. अर्धा किंवा अर्ध्याच्या वर असेल तर पुढचा पूर्णांक धरायचा."

"आन अर्ध्याच्या खाली असन तर?"

"तर मागचा."

"मी कवा मागचा धरला? सव्वा अकरा झाले तरी बाराच घेतले." ते पुढं वाकले. "आता किलोभर घेनाऱ्याचं सांग. त्याच्यापासून मी किती जास्त घेतो?"

"काहीच नाही. त्याचे पुरे शेहेचाळीस होतात."

"मंग कोनाचे घेतले?"

उत्तर सोपं होतं. जो पावभर घेतो त्याचे. ज्याच्याकडं एका वेळी किलोचे पैसे नसतात त्याचे. जो रोज संध्याकाळी मजुरी हातात पडली की येतो, पाव साखर, पाव डाळ, पाव तांदूळ घेतो, त्याच्याकडून प्रत्येक पुडीवर आठ आणे. किती वर्षांचे आणि किती लोकांचे, हा आकडा मी मनात धरायला गेले आणि घाबरून सोडून दिला. वर्गात मी हेच उदाहरण कितीतरी वेळा फळ्यावर लिहिलं होतं, पण ते कोणाच्या पिशवीतून जातं हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

अब्बा तराजूचे पक्के. जुन्या काट्याच्या दिवसांत पारड्यावर माशी बसली तरी तिला उडवून मग मापायचे. वजनं दर वर्षी तपासून शिक्का मारून आणायचे. मालात भेसळ नाही, मापात पाप नाही, हे आमच्या घराचं नाक. आणि या सगळ्या सांभाळण्यात भावाच्या शेपटीचे आठ आणे कोणाच्या ध्यानातच आले नाहीत.

"सरकारनं चार आने बंद केले," अब्बा म्हणाले, "तवा मी सव्वाचे दीड केले. ते सरकारच्या माथ्यावर. पन आठ आने सरकारनं कुठी बंद केले? ते तर आजबी चालतात. ते आपन बंद केले बेटा. आपन बाजारवाल्यायनं."

हेही खरं होतं. आठ आणे कोणी बंद केले ते आजवर कोणालाच कळलेलं नाही. एक दिवस ठोकवाला घेईना, मग कंडक्टर कुरकुर करू लागला, मग चहावाला हात हलवू लागला. अब्बांनी काही दिवस आठ आण्यांच्या जागी एक चॉकलेट दिलं. मग चॉकलेटही रुपयाचं झालं आणि तेही थांबलं. त्यानंतर सगळे भाव नुसते वर सरकत गेले.

त्यांच्या मनात हे आलं ते हजच्या शिबिरात. तिथं एहरामची पांढरी वस्त्रं कशी नेसायची, तंबू कसा ओळखायचा, गर्दीत हात कसा सोडायचा नाही, असं सगळं शिकवतात. शेवटी मौलाना म्हणाले, अल्लाहचा हक्क राहिला असेल तर तो अल्लाह माफ करील, पण माणसाचा हक्क माणसालाच माफ करता येतो. निघण्याआधी घरोघर जाऊन "कहा-सुना माफ करा" म्हणायची आमच्यात रीत आहे ती यासाठीच. बाकीचे लोक ती रीत म्हणून पाळतात, गळाभेट घेतात, बिर्याणी जेवून घरी येतात. अब्बांना मात्र त्या क्षणी कयामतच्या, म्हणजे अखेरच्या निवाड्याच्या दिवशीची रांग दिसली. रांगेत सगळी आमचीच गिऱ्हाइकं होती आणि सगळ्यांच्या हातात पावभराच्या पुड्या.

"ज्यायचं देनं राह्यलं, ते त्या दिवशी आपली नेकी, आपलं पुन्य मोजून घेतात," ते मला हळूच म्हणाले. "प्रत्येकानं थोडी थोडी नेली तर माह्यापाशी काय ऱ्हायन?"

मी काही फार धार्मिक नाही. रोजे धरते, नमाज जमेल तशी. पण त्या दुपारी, साखरेच्या पोत्याला टेकून बसलेली मी, खरंच घाबरले. अब्बांची भीती संसर्गासारखी मला लागली होती.

संध्याकाळी गिऱ्हाईक सुरू झालं तसं अब्बांनी हात जोडून मागायला सुरुवात केली. "बाई, पावभर मालावर मी तुमचे आठ आने जास्त घेतले अशीन. माफ करजा." लोक हसायचे. "काय चाचा, आठ आन्याचं काय घेऊन बसले? माफ, माफ. तिथं आमच्यासाठी दुआ मांगजा." अब्बांना त्यानं चैन पडेना. समजून न घेता दिलेली माफी त्यांना नको होती, म्हणून ते डाळीचा हिशोब पहिल्यापासून सांगायला लागत. ऐकता ऐकता एका बाईचा चेहरा बदलला. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि माफ केलं न म्हणताच ती निघून गेली.

मग एका माणसानं मोबाईल वर धरला. "चाचा, जरा पुन्यांदा बोला ना. गरिबायचे पैसे घेतले, ते."

मी पोत्यावरून उठले आणि त्याच्या मोबाईलवर हात ठेवला. तोंडानं मी हसत होते, पण हात काढला नाही. आमच्या गावात एवढ्याशा क्लिपचं काय होऊ शकतं ते मला सांगायला नको. मागचं-पुढचं कापून 'चाचानं कबूल केलं' एवढंच उरलं असतं आणि त्याला कोणीही काहीही जोडलं असतं. आमचं दुकान, घर, गल्ली सगळं इथंच आहे. त्या माणसानं मोबाईल खिशात टाकला, पण जाताना दोनदा वळून पाहिलं. मी त्या दिवशी दुकान लवकर बंद करायला लावलं.

दुसऱ्या दिवशी मीच मौलानांकडं गेले. ते म्हणाले, ज्यांची नावं-गावं ठाऊक नाहीत त्यांच्या वतीनं खैरात करा, तेवढं पुरे. पण ज्याचं देणं लागतो तो माणूस ठाऊक असेल, तर त्याच्या दारी जावंच लागेल. अब्बांनी अम्मीशी बोलून बरीच मोठी रक्कम काढली आणि गरिबांत वाटून टाकली. मला वाटलं, सुटलो एकदाचे. नंतर दुकानात येऊन पाहते तर अब्बा पुन्हा त्या फळीकडं तोंड करून बसलेले.

"आता काय?" मी जवळजवळ ओरडलेच.

त्यांनी बोटानं दाखवलं. "हे ज्याचं हाये, तो मानूस मले ठाऊक हाये."

जुन्या दुकानांत खोटं नाणं आलं की ते खिळ्यानं फळीवर ठोकून ठेवायची पद्धत होती. गिऱ्हाइकाला दिसावं की इथं खोटं चालत नाही. आमच्या फळीवर आजोबांच्या काळातले दोन खोटे रुपये आहेत. त्यांच्या शेजारी आठ आण्याचं एक नाणं ठोकलेलं होतं. मी ते शेकडो वेळा पाहिलं होतं आणि तेही खोटंच असणार असं धरून चालले होते.

ते खरं होतं. मी अमरावतीला नोकरीला लागल्यानंतरची ही गोष्ट. लोकांच्या घरी पोळ्या करणारी एक बाई रोज संध्याकाळी आमच्याकडं यायची. भांडखोर म्हणून लाईनीत तिचं नाव होतं, कारण ती एकटीच आठ आण्यांसाठी भांडायची. साखर तेव्हा बेचाळीसची होती. तिनं पावभर मागितली, दहाची नोट आणि आठ आण्याचं नाणं काउंटरवर ठेवलं. अब्बा म्हणाले, "हे चालत नाही बाई. अकरा दे." ती म्हणाली, "सरकार चालवते, तू कोन?" दुकानात गर्दी होती. अब्बांनाही राग आला. त्यांनी पुडी मागं ओढून घेतली. बाईनं नोट उचलली, नाणं तिथंच टाकलं आणि म्हणाली, "ठेव तुह्यापाशी. वर घेऊन जाय." ती गेल्यावर अब्बांनी पोलादी खिळा घेतला आणि किलोच्या वजनानं ते नाणं फळीवर ठोकलं. लोक हसले. बाई पुन्हा दुकानात आली नाही.

"वर घेऊन जाय म्हने," अब्बा आता पुटपुटले. "आन मी वर चाललो ना बेटा." हजला गेलेला माणूस परत येईलच असं कोणी धरत नाही, आणि अब्बांच्या छातीत तर स्प्रिंग होती.

मी पक्कड आणली. खिळा इतका घट्ट बसला होता की तो निघताना फळीची ढलपी निघाली. नाण्याच्या मधोमध भोक होतं आणि मागच्या बाजूला गंज चढला होता. बाईच्या जुन्या शेजारणीकडून कळलं की ती आता अमरावतीलाच, मुलीकडं राहते. माझ्या घरापासून रिक्षानं जाण्याइतकं जवळ, आणि मला पत्ता नाही. सोमवारची रजा टाकून दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही निघालो. अम्मीनं जिभेखाली धरायच्या गोळ्यांची पुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ती नाही म्हणाली तर यांना तिथं बसू देऊ नकोस. उठवून घेऊन ये." बसमध्ये रस्ताभर मी ती पुडी मुठीत धरून होते आणि मनात एकच येत होतं, ती नाही म्हणाली तर काय.

ती दारातच मेथी निवडत बसली होती. आता केस पूर्ण पांढरे. तिनं अब्बांना लगेच ओळखलं, पण हातातली जुडी खाली ठेवली नाही. मुलीनं खुर्च्या आणल्या, पाणी आणलं. अब्बा खुर्चीवर बसले नाहीत. त्यांनी नाणं तिच्यापुढं धरलं.

"तुह्ये आठ आने, बाई. मी हजले चाललो. माफ कर."

तिनं नाणं घेतलं, उजेडाकडं धरलं, भोकावरून अंगठा फिरवला. "हे काहून असं झालं?"

"मी ठोकलं होतं."

"ठाऊक हाये मले. मी पाह्यलं नसन का? रस्त्यावरून दिसत होतं ते." मग ती माझ्याकडं वळली, कारण अब्बांची मान खाली होती. "तुह्या बापाले वाटून राह्यलं का आठ आने गेले. त्या दिवशी माह्या घरी पाव्हने बसले होते. हिले पाहायले आले होते. मी साखर घ्याले आली आन रिकाम्या हातानं वापस गेली. ते बी जाऊ दे. च्या शेजारच्या साखरेनं झाला. पन दुसऱ्या दिवसापासून लोकं काय म्हनत? चाचानं फळीवर ठोकलं म्हंजे खोटंच असन. पोळ्यावाली खोटं नानं चालवते. ज्या घरी मी इतके वर्सं पोळ्या केल्या, त्या घरच्या बाईनं कपाटाले कुलूप लावलं. मले काही म्हने नाही. माह्यासमोर कुलूप लावे."

मुलगी म्हणाली, "माय, सोड ना आता. म्हातारा मानूस हाये."

"मी सोडून राह्यली का धरून राह्यली, तू नको सांगू."

अब्बा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. आठ आण्यांची माफी मागायला आलेल्या माणसाला आपलं देणं काय आहे ते आता कळलं होतं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. मी गोळी काढली, ती त्यांनी घेतली नाही. मला त्या बाईचा इतका राग आला, आणि तिचं सगळं खरं आहे म्हणून त्याहून जास्त भीती वाटली. शाळेत मी मोठमोठ्या पालकांना गप्प करते, पण तिथं मी एवढंच म्हणाले, "मावशी, काय करू म्हणजे होईल?"

तिनं अब्बांना विचारलं, "माफी इथं माह्या घरात मांगून राह्यले तुमी. ठोकलं कुठी होतं?"

"दुकानात."

"मंग?"

तिनं मेथी मुलीकडं सरकवली आणि विचारलं, "लोकं कवा जास्त असतात?"

"सांजच्याले," अब्बा म्हणाले.

"थांबा. लुगडं बदलून येतो."

तर अशी आमची वरात परत अकोल्याला निघाली. खिडकीशी ती, मध्ये मी, कडेला अब्बा. ती बाहेर पाहत होती, कोणाची कपाशी आहे, कोणाची तूर चांगली आली, असं बोलत होती, जसं काही आम्ही लग्नाला निघालो आहोत. मला मात्र संध्याकाळच दिसत होती. भर बाजारात, भरल्या दुकानात, अब्बा सांगणार की मी एका गरीब बाईचं खरं नाणं खोटं ठरवलं. मोबाईलवाला तो माणूस संध्याकाळी हटकून येणार. लोक भडकले तर? विमान राहिलं बाजूला, दुकान राहील का? बडनेरा मागं पडताना मी अब्बांच्या कानाशी लागून म्हणाले, "घरी बसून बोलू, अम्मीसमोर. दुकानात नको." त्यांनी मान हलवली. "ती बराबर म्हनते," ते म्हणाले. "जिथं घान केली तिथंच झाडू लावा लागते."

दुकानासमोर उतरलो तेव्हा दिवे लागायची वेळ होती आणि काउंटरपुढं नेहमीसारखी गर्दी होती. शटर उघडून अम्मी बसली होती. तिनं आमच्याबरोबर बाईला पाहिलं आणि काही न विचारता काउंटरवरून उठली. मोबाईलवाला माणूस खरंच तिथं उभा होता.

बाई गिऱ्हाइकांत जाऊन उभी राहिली. आपली पाळी येईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "पावभर साखर. त्या दिवशीच्या भावानं."

अब्बांनी साखर मापली. आता आमच्याकडं विजेचा काटा आहे. आकडा स्थिर होईना, कारण त्यांचा हात परातीवरून निघत नव्हता. मी तो धरून बाजूला केला. त्यांनी पुडी बांधली. "साडेदहा," ते म्हणाले.

तिनं पदराच्या गाठीतून दहाची नोट काढली आणि तिच्यावर ते भोक पडलेलं नाणं ठेवलं. मोठ्यानं विचारलं, "हे चालते का?"

मोबाईल वर आला. या वेळी मी जागची हलले नाही.

अब्बांनी नाणं उचललं आणि सगळ्यांना दिसेल असं धरलं. त्यांचे शब्द मला आजही पाठ आहेत. "हे नानं खरं हाये. तवाबी खरं होतं. या बाईनं मले कदी खोटा पैसा देल्ला नाही. मी तिचं खरं नानं ठोकलं. तुमी कोनी तिच्याबद्दल काही ऐकलं असन, तर ते माह्यापायी होतं. ती चूक माही हाये." मग त्यांनी नाणं गल्ल्यात टाकलं. आवाज झाला तेवढाच. कोणी हसलं नाही. मी लोकांच्या हातांकडं पाहत होते, चेहऱ्यांकडं पाहायचं मला धाडस नव्हतं.

"बाई, माफ केलं?" अब्बांनी विचारलं.

ती उत्तर न देता पुडी घेऊन बाजूला झाली आणि तांदळाच्या पोत्याशी उभी राहिली. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस जाणार नाही, आणि गेला तर भीतीनंच जाईल.

पाळी पुढच्या माणसाची होती, बांधकामावर काम करणारा असावा, कपड्यांवर सिमेंट होतं. तो चाचरत म्हणाला, "पावभर तूर डाळ द्या."

अब्बांनी डाळ मापली, पुडी बांधली, आणि थांबले. दुकानात सगळे ऐकत होते. साडेबत्तीस. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, गणिताच्या बाईकडं.

"बत्तीस," ते म्हणाले.

त्या माणसानं सुट्टे बत्तीस मोजून दिले. पोत्यापाशी उभी असलेली बाई तोवर हलली नव्हती. आता तिनं पुडी पिशवीत टाकली, पदर सारखा केला आणि पायरी उतरली.

"जा चाचा," ती वळून म्हणाली. "केलं माफ."